चेंडूमागे पोर असतं

बारावीचे निकाल लागले की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. प्रवेश, फी, वसतिगृह यांच्या रांगेत गाडी येऊन उभी राहते. 'लेकाला पक्कं लायसन्स मिळालं, आता एकट्याला गाडी देऊ का?' 'क्लास पूर्ण झाला, पण मुलगी सोसायटीच्या फाटकाबाहेर गाडी काढायला तयार नाही.' 'सतरावं लागलंय, ट्यूशन लांब आहे, स्कूटर दिली तर चालेल ना? सगळेच देतात.' एका वडिलांनी तर सरळच लिहिलं होतं, 'गाडी छान चालवतो हो, पण शेजारी बसलं की माझा जीव टांगणीला लागतो. का, ते सांगता येत नाही.'

ते का, हे मला एका एसटीने शिकवलं. लेक गाडी चालवत होती, मी शेजारी बसले होते. वेग चाळिशीच्या आत, गिअर मऊ पडत होते, इंडिकेटर वेळेवर. पुढे थांब्यावर एसटी उभी होती. माझा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर गेला. तिचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. तेवढ्यात बसच्या तोंडापुढून एक आजी रस्त्यावर आल्या. हातात पिशवी, मान खाली. लेकीने ब्रेक दाबला, गाडी थांबली, आजींनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. 'केवढ्या अचानक आल्या!' लेक म्हणाली. अचानक कसल्या? बसच्या पोटाखालून त्यांची पावलं आणि लुगड्याचा काठ मला आधीच दिसला होता. तिला बस दिसली होती, बसखालचे पाय दिसले नव्हते.

ब्रेक कसा दाबायचा ते क्लासमध्ये शिकवतात. पाय कुठे शोधायचे ते कोणी शिकवत नाही, आणि ते शिकवण्यासारखं असतं हेच आपल्या गावी नसतं. ही शिकवणी घरी होऊ शकते. तिला पैसे लागत नाहीत, चिकाटी मात्र लागते.

आधी कायद्याचं उरकून घेऊ

- गिअरच्या मोटारसायकलला, नेहमीच्या स्कूटरला आणि कारला वय १८ पूर्ण हवं. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स पालकांच्या संमतीने आणि फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी असतं. बाजारातली १०० किंवा ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. ही गल्लत सर्वात जास्त घरांत होते.
- अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला दोषी धरलं जातं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स काढता येत नाही. 'सगळेच देतात' हा बचाव त्या कलमात नाही.
- शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं. पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. 'देता येते' म्हणजे एकतिसाव्या दिवशी दिलीच पाहिजे असं नाही. हे सहा महिने सरावासाठी दिलेले आहेत, ते वापरा.
- शिकाऊ चालकाच्या गाडीला पुढे आणि मागे १८ सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लागतो, आणि गाडीत शिकवणारा म्हणून लायसन्सधारक माणूस लागतो. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसवता येत नाही.

या शेवटच्या मुद्द्याकडे लोक चलानाच्या भीतीने बघतात. खरी भीती विम्याची आहे. मोटार पॉलिसीत चालकाबद्दल एक कलम असतं. त्यात शिकाऊ लायसन्स चालतं, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळला असेल तरच. तो नियम म्हणजे वरचीच पाटी आणि वरचाच शेजारी. रविवारी सकाळी 'रस्ता मोकळाच आहे' म्हणून मुलाला एकट्याला सोडलं आणि कुठे घासलं, तर कंपनी हेच कलम पुढे करील. पॉलिसी काढून एकदा वाचा.

सतरा वर्षांच्या मुलाला ट्यूशनला जायचंच असेल तर सायकल आहे, बस आहे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीवरची दुचाकी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही, म्हणून तिला लायसन्स लागत नाही. मात्र वेग वाढवून दिलेली गाडी घेऊ नका. ती या सवलतीतून बाहेर पडते.

नवशिक्याची नजर कुठे अडकते

नवा चालक बॉनेटच्या थोडं पुढे बघतो. त्याचा जीव गाडी सरळ ठेवण्यात अडकलेला असतो, त्यामुळे आरसे आणि रस्त्याच्या कडा त्याच्या नजरेतून सुटतात. मुरलेला चालक लांबवर बघतो, मग डावीकडे, उजवीकडे, आरशात, पुन्हा लांबवर. गल्लीतून चेंडू घरंगळत आला की नवशिक्याला चेंडू दिसतो. मुरलेल्याला मागून धावत येणारं पोर दिसतं, ते यायच्या आधीच.

ही नजर तपासता येते. ब्रिटनमध्ये २००२ पासून लायसन्सच्या लेखी परीक्षेला धोका ओळखण्याची चाचणी जोडलेली आहे. रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात. धोका आकार घेऊ लागला की क्लिक करायचं. जितकं लवकर कराल तितके गुण जास्त, एका धोक्याला फार तर ५. एकूण ७५ गुण आणि कारसाठी उत्तीर्ण व्हायला ४४. आपल्याकडे शिकाऊ परीक्षेत खुणा आणि नियमांचे प्रश्न येतात, पक्क्या चाचणीत आठचा आकडा आणि रिव्हर्स. गाडी हातात आहे की नाही ते त्यातून कळतं. रस्ता कळतो की नाही, ते तुम्हालाच बघायचं आहे.

पहिली शिकवणी शेजारच्या सीटवर

मुलाच्या हातात स्टिअरिंग देण्याच्या आधीपासून हे सुरू करा. सोळाव्या-सतराव्या वर्षीसुद्धा चालतं, कारण तो फक्त शेजारी बसणार आहे. अट एकच, दोघांचेही फोन मागच्या सीटवर.

१. तुम्ही चालवा, तुम्हीच बोला. डोक्यात जे आपोआप चालतं ते तोंडाने म्हणायचं. पहिल्या दिवशी वेड्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की आपण स्वतःच बरंच काही बघत नाही.

२. तुम्ही चालवा, तो बोलेल. प्रश्न तीनच: काय दिसतंय, त्यातून काय होऊ शकतं, आणि तू काय केलं असतंस? 'रिक्षा आहे' एवढं उत्तर पुरत नाही. 'रिक्षा डावीकडे आहे, ड्रायव्हर मान बाहेर काढून फुटपाथकडे बघतोय, त्याला सवारी दिसली असणार, तो कधीही थांबेल, मी अंतर वाढवतो', असं उत्तर हवं.

३. तो चालवेल आणि तोच बोलेल. आधी ओळखीच्या रस्त्यावर, पंधरा मिनिटं, जास्त नको. बोलणं थांबलं की समजा त्याचं डोकं भरलं आहे. वेग कमी करायला सांगा किंवा कडेला थांबा.

प्रत्यक्षात हे बोलणं कसं असतं? लेकीच्या बोलण्याचा एक तुकडा देते. रस्ता शहरातलाच, संध्याकाळची साडेसहाची वेळ: 'सिग्नल हिरवा आहे, पण बराच वेळ हिरवा आहे, आता पिवळा होईल. डावीकडच्या दुकानासमोर कार उभी, ब्रेकलाइट चालू, म्हणजे आत माणूस आहे, दार उघडेल. तिच्यापासून दाराएवढं अंतर ठेवते. मागे डिलिव्हरीवाला अगदी चिकटलाय, जोरात ब्रेक मारायचा नाही, आधीच पाय काढते. पुढे गल्लीचं तोंड, भिंतीमुळे आतलं दिसत नाही, पण भिंतीवर हेडलाइटचा उजेड हलतोय.'

त्या हलत्या उजेडावर मी खूश झाले होते. ते मी शिकवलं नव्हतं.

अधूनमधून एक खेळ खेळा. सिग्नलला गाडी थांबली की विचारा, 'आरशात न बघता सांग, मागे कोणती गाडी आहे?' पहिले काही दिवस उत्तर येणार नाही. यायला लागलं की आरसा वापरात आला.

आपल्या रस्त्यांची बाराखडी

परदेशी व्हिडिओ बघून मुलं शिकतात तेव्हा एक अडचण होते. तिथे गाई नसतात, आणि विजेच्या खांबाआडून उलट दिशेने येणारा दुधवालाही नसतो. आपल्या धोक्यांच्या खुणा वेगळ्या आहेत आणि त्या मोठ्यांच्या अंगवळणी पडलेल्या असल्यामुळे सांगायच्या राहून जातात. सांगा:

- थांबलेली एसटी, स्कूलबस, शाळेची रिक्षा. पुढून माणूस येणार हे धरूनच चालायचं. बसखाली बघा.
- रस्त्यावर दगड आणि झाडाची फांदी. पुढे ट्रक बंद पडला आहे. ट्रक दुरुस्त होऊन गेला तरी दगड बऱ्याचदा तिथेच राहतात, म्हणून रात्री दगड हाच धोका असतो.
- एक म्हैस ओलांडली. कळपात ती एकटी नसते. मेंढरांचंही तसंच, आणि धनगराचं कुत्रं सर्वात शेवटी येतं.
- पुढच्या गाड्यांचे ब्रेकलाइट एकाच जागी लागत आहेत. तिथे न रंगवलेला गतिरोधक आहे किंवा खड्डा.
- दुभाजकातली फट. हॉटेल, पेट्रोलपंप, गावाचा फाटा जवळ असेल तर त्या फटीतून कोणी तरी आडवं येणार किंवा रॉंग साइडने समोर येणार. चौपदरी रस्ता आहे म्हणून समोरून कोणी येत नाही हा समज इथेच मोडतो.
- वळण घेणारा लांब ट्रेलर किंवा मिक्सर. त्याच्या डाव्या बाजूला शिरायचं नाही. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

या खुणा ऋतूप्रमाणे बदलतात, आणि हे नव्या चालकाला कोणी सांगत नाही. जूनचा पहिला पाऊस सर्वात निसरडा, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ त्यात कालवली जाते. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि रस्त्याच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा ओल्या झाल्या की दुचाकी घसरते. पाणी साचलं असेल तर खड्डा किती खोल ते दिसत नाही; पुढच्या गाडीचं चाक कुठे बुडतं ते बघा. सोयाबीन निघालं की मराठवाडा-विदर्भात कुठे कुठे डांबरावरच पीक वाळत घातलेलं असतं. आणि दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरकडच्या रस्त्यांवर ऊस येतो.

उसाच्या ट्रॉलीबद्दल थोडं जास्त लिहिते. रात्री ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर आलेल्या उसाने मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर झाकलेले, वेग सायकलपेक्षा थोडा जास्त. मागून साठ-सत्तरने येणाऱ्या पोराला पुढे काळोखच दिसतो, आणि तो काळोख म्हणजे ट्रॉली असते. खुणा शोधायला शिकवा: रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्या, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे मधेच झाकले जाणं, ट्रॅक्टरवरची गाणी. कांड्या दिसल्या की वेग कमी करायचा. समोरच्याच्या अप्परने डोळे दिपले तर डोळे रस्त्याच्या डाव्या कडेला न्यायचे आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. 'एवढं गेलं की दिसेल' म्हणून तसंच पुढे जायचं नाही.

संक्रांतीच्या दिवसांत दुचाकीवर गळ्याला जाड रुमाल हवा. नायलॉन मांजा दिसत नाही, तो लागल्यावरच कळतो.

दिसलं, पुढे काय?

पहिली कृती ब्रेक नव्हे, पाय उचलणं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून तो ब्रेकवर नुसता ठेवायचा. धोका विरला तर काही बिघडलं नाही, आणि आलाच तर अर्धा-पाऊण सेकंद वाचलेला असतो.

अर्ध्या सेकंदाने काय होतं असं मुलं विचारतात. क्रिकेटमध्ये सांगा. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर एवढ्यात एक अख्खी खेळपट्टी संपते. मग ब्रेक लागायला सुरुवात होते आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावरही आणखी १४-१५ मीटर लागतात. ८० च्या वेगाला हीच बेरीज साधारण ६८ मीटर होते, म्हणजे तीन खेळपट्ट्यांहून जास्त. ओल्या रस्त्यावर आणखी.

म्हणून अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणायचं. आपण त्याआधीच खांबापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात चारपर्यंत मोजायचं. 'मधे दुसरा कोणी तरी घुसतो' ही तक्रार खरी आहे. घुसू द्या, पुन्हा अंतर सोडा.

हॉर्नने धोका टळत नाही. तुम्ही आहात एवढंच तो सांगतो, आणि तेही समोरच्याने ऐकलं तर. हॉर्न वाजवताना पाय ॲक्सिलरेटरवर असेल तर उपयोग शून्य.

जोरात ब्रेक मारण्याचा सरावही हवा, रिकाम्या मैदानात, ताशी ३० पासून. एबीएस असलेल्या कारचं पेडल जोरात दाबलं की पायाखाली थरथरतं. पहिल्यांदा अनुभवणारा घाबरून पाय काढतो. काढायचा नाही, दाबून धरायचा आणि स्टिअरिंग वळवायचं. दुचाकीवर दोन्ही ब्रेक एकत्र, हँडल सरळ असताना. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचं आहे, पण घरातली जुनी गाडी मुलाला मिळते तेव्हा ती यात बसते का ते आधी बघा. कुत्रं आडवं आलं की मुलं हँडल फिरवतात आणि शेजारच्या ट्रकखाली जातात. कुत्र्यासाठी ब्रेक मारायचा, पण गाडी सरळ ठेवायची. हे सांगायला मला जड जातं, तरी सांगते.

एकट्याला कधी सोडायचं

न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. तिथल्या मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालवता येत नाही आणि अनुभवी माणूस शेजारी नसताना मित्रांना बसवता येत नाही. आपल्या कायद्यात असं काही नाही. घरात करायला कोणी अडवलेलं नाही. क्रम साधारण असा ठेवा: सकाळचा वस्तीतला रस्ता, मग बाजार, मग पाऊस, मग रात्र, मग महामार्ग, घाट. मित्र सर्वात शेवटी. मागच्या सीटवर तीन मित्र आणि चालू गाणी असली की भला मुलगाही वेगळा चालवतो.

घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल कधीच नाही, आणि अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.

क्लास निवडताना

नियमांनुसार खासगी वाहनांचं शिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं हवं, शिकवणीच्या गाडीला दुहेरी ब्रेक हवेत. तास मोजा, दिवस नको. रोज पंधरा मिनिटांत 'एकवीस दिवस' भरतात आणि तास मात्र पाचच होतात. २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद झाली आहे. तिथला हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम २९ तासांचा असतो आणि तिथे सिम्युलेटरही असतो. जवळ असं केंद्र असेल तर जरूर बघा. कोणत्याही क्लासला एक प्रश्न विचारा: 'पावसात आणि रात्री नेता का?' 'त्याची काय गरज' असं उत्तर आलं तर तेवढं काम तुमच्याकडे आलं समजा.

शिकवताना आपण जे बिघडवतो

'अरे बघ, बघ, बघ!' असं ओरडलं की पोर रस्त्याकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघतं. डॅशबोर्डला हात टेकवणं, श्वास रोखून धरणं यांचाही तोच परिणाम. 'पाय काढ' किंवा 'डावीकडे स्कूटर', एवढे दोन शब्द पुरतात. रागवायचं ते गाडी थांबल्यावर, आणि त्याच दिवशी रागवलंच पाहिजे असंही नाही.

दुसरं बिघडवणं जुनं आहे. पाचवीपासून पोरगं मागे बसून बघत आलेलं असतं: 'इथल्या इथे' म्हणून रॉंग साइड, सिग्नलला फोन, पंपापर्यंत बिनहेल्मेट. तुम्ही हे करत असाल तर शिकवणी आधीच झालेली आहे.

तरीही धडक झालीच तर

हे मुलाला लायसन्सच्या दिवशीच सांगा, कारण त्या क्षणी तो तुम्हाला फोन करील आणि तुम्ही दोघंही गोंधळलेले असाल.

- गाडी थांबवायची, इंजिन बंद, धोक्याचे दिवे चालू. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.
- जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर बाजूला होता येतं, पण मग लगेच, फार तर २४ तासांत, पोलिस ठाण्यात जाऊन कळवायचं. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं.
- मुलाने दुसऱ्या कोणाच्या अपघातात मदत केली तर त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि रुग्णालय त्याला थांबवून ठेवू शकत नाही किंवा त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ मध्ये हे संरक्षण दिलं आहे.
- मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. चूक कोणाची होती याचा प्रश्न त्यात येत नाही.
- डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदपत्रांइतकीच वैध असतात. नुसता फोनमधला फोटो चालत नाही.

किरकोळ घासलं असेल, कोणाला लागलं नसेल, तरी मूल पुढचे काही आठवडे किल्लीला हात लावत नाही, किंवा काही झालंच नाही असं दाखवून दुप्पट वेगाने चालवतं. दोन्ही वेळी मी एकच करते. आठवड्याभरात त्याला घेऊन त्याच जागी जायचं, गाडी लांब लावायची आणि टपरीवर चहा घेत दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. कोण कुठून येतं, कोणाला काय दिसत नाही, ते बघत. परत येताना गाडी त्यालाच चालवू द्या.